गरोदर माता, तान्हे बाळ आणि विजयाचे तेल

मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींमध्ये गेल्या काही वर्षांत एका लहानशा बाटलीची भर पडली आहे. कोणी तिला 'सीबीडी तेल' म्हणते, कोणी 'विजया तेल', तर कोणी 'हेम्प ऑईल'. झोप न लागणे, सांधेदुखी, मनाची घालमेल, मळमळ, फिट येणे अशा एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या पाच-सात तक्रारींवर हे एकच औषध चालते, असे जाहिरातीत सांगितलेले असते. बाटलीवर हिरव्या पानाचे चित्र असते, 'आयुर्वेदिक' आणि 'नैसर्गिक' हे दोन शब्द असतात आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत 'नशा होत नाही' असे आश्वासन असते. मागणी नोंदवली की बाटली घरपोच येते, मग घर देवळ्यात असो, लोहोणेरला असो की उमराण्याला.

प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच की, ही बाटली गरोदर स्त्रीने व अंगावर पाजणाऱ्या मातेने घ्यावी काय? उत्तर आधीच सांगून टाकते : घेऊ नये. पण नुसते 'घेऊ नये' म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही. का घेऊ नये हे कळले तर ते जावेला, नणंदेला, शेजारणीला समजावून सांगता येते, म्हणून हा लेखनप्रपंच. लेखिका डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारी, कला शाखेची पदवीधर आहे. शास्त्राचा जो भाग पुढे आला आहे तो जाणकारांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीवरून साध्या भाषेत मांडला आहे, आणि जेथे माझे स्वतःचे मत आहे तेथे ते मत म्हणूनच दिले आहे.

प्रथम हे तेल कशाचे, ते पाहू. भांग, गांजा आणि चरस ही तीन नावे आपल्याला माहीत आहेत, परंतु तिन्ही एकाच झाडाची आहेत हे सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. पानांची भांग, फुलोऱ्याचा गांजा आणि झाडाच्या चिकाचा चरस. आयुर्वेदात याच झाडाला 'विजया' म्हणतात. या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट द्रव्ये आढळली आहेत. त्यांपैकी दोन महत्त्वाची. एक टीएचसी, जिच्यामुळे नशा चढते. दुसरे सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, ज्यामुळे तशी नशा चढत नाही. सीबीडी हे अमेरिकेतील रॉजर अ‍ॅडम्स या रसायनशास्त्रज्ञाने १९४० साली झाडापासून वेगळे काढले. त्याची नेमकी रचना इस्रायलचे राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये उलगडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने टीएचसीचाही छडा लावला. म्हणजे झाड हजारो वर्षांचे जुने असले तरी बाटलीतले हे वेगळे काढलेले द्रव्य तसे नवेच आहे. 'आपले पूर्वज घेत होते' हा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो. पूर्वज भांग घेत होते, सीबीडीचा अर्क घेत नव्हते, आणि भांग घेणाऱ्यांत गरोदर बायका किती होत्या याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

येथे आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. त्याच झाडाच्या बियांचेही तेल निघते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली या बिया, त्यांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत सीबीडी व टीएचसी नावापुरतेच असते. ते खाण्याचे तेल आहे, जसे तिळाचे किंवा जवसाचे. पानांचा अर्क घालून केलेले सीबीडी तेल ही अगदी वेगळी वस्तू आहे. दोन्ही बाटल्यांवर 'हेम्प' हा शब्द असल्यामुळे घेणाराच काय, कधी कधी विकणाराही गोंधळतो.

कायद्याचे थोडे सांगते, कारण 'सरकारने बंदी घातली नाही म्हणजे सुरक्षितच असणार' अशी समजूत मी बरीच ऐकली आहे. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा केंद्रीय कायदा गांजा आणि चरस यांना लागू आहे. फुलोऱ्याशिवायची नुसती पाने आणि बिया त्याच्या व्याख्येबाहेर राहतात. भांगेचे नियंत्रण राज्यांकडे असून आपल्याकडे ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली होते. पानांच्या या सवलतीमुळेच पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेऊन तयार करता येतो आणि विकता येतो. पण त्याच औषध कायद्याच्या नियमांत 'अनुसूची ई(१)' नावाची एक यादी आहे. आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या विषारी द्रव्यांची ती यादी होय. तीत बचनाग आहे, धोतरा आहे, अफू आहे आणि भांगही आहे. या यादीतले द्रव्य पोटात घेण्याच्या औषधात असेल तर बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा सावधगिरीचा इशारा इंग्रजी व हिंदीत ठळकपणे छापावा लागतो.

मागे एकदा काउंटरवर पासबुक भरून घ्यायला आलेल्या एका तरुण बाईने पिशवीतून अशी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. तिला पाचवा महिना होता. रात्री झोप येत नाही म्हणून नवऱ्याने फोनवरून मागवली होती. "ताई, इंग्रजीत काय लिहिलंय तेवढं वाचा ना," म्हणाली. हिरवे पान आणि 'नैसर्गिक' हा शब्द समोरच्या बाजूला होता. सावधगिरीची ती ओळ मागच्या बाजूला, घटकांच्या यादीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत होती. कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरे वाचून दाखवणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून सापडली. ठळक अक्षरांचा नियम पाळला गेला होता की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. ज्या डॉक्टरांकडे तिचे नाव घातलेले होते त्यांना मात्र बाटलीविषयी कोणी काही सांगितलेले नव्हते.

आता मुख्य मुद्दा. आईने घेतलेले औषध बाळापर्यंत पोचते कसे?

गर्भ आणि आई यांच्यामध्ये वार असते. पूर्वी समजूत अशी होती की वार म्हणजे गाळणी आहे, वाईट ते अडवते आणि चांगले ते आत सोडते. वारेला चांगले-वाईट कळत नाही. रेणू लहान असला आणि चरबीत विरघळणारा असला की तो सहसा पलीकडे जातो. सीबीडी आणि टीएचसी ही दोन्ही द्रव्ये लहान रेणूंची आणि चरबीत सहज विरघळणारी आहेत. शिवाय आईच्या शरीरात अशा द्रव्याचा निकाल लावण्याचे काम तिचे यकृत करते. गर्भाचे यकृत अजून तयार होत असते, त्यामुळे मोठ्या माणसाला जो थेंब किरकोळ वाटतो तो निस्तरायला गर्भाला फार वेळ लागतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. माणसाच्या शरीरात या झाडाच्या द्रव्यांसारखीच काही द्रव्ये मुळात तयार होत असतात. त्यांतले पहिले १९९२ साली सापडले, तेव्हा शोधकर्त्यांनी त्याला 'आनंदामाइड' असे नाव दिले. हा आपलाच संस्कृत 'आनंद' शब्द होय. ही द्रव्ये आणि त्यांना ओळखणाऱ्या पेशींवरच्या जागा मिळून एक निरोपव्यवस्था होते. गर्भ पिशवीत रुजण्यापासून ते बाळाच्या मेंदूतल्या पेशी आपापल्या जागी पोचेपर्यंत अनेक कामांत या व्यवस्थेचा वाटा असतो. या नाजूक काळात बाहेरून तशाच जातीचे द्रव्य येऊन पडले तर निरोप चुकीचे जाऊ शकतात. मोठ्या माणसाचा मेंदू बांधून झालेला असतो. बाळाचा बांधला जात असतो. 'मला काही झाले नाही' हा मोठ्या माणसाचा अनुभव म्हणून येथे कामाचा नाही.

यावर कोणी विचारील की, हा झाला अंदाज, पुरावा काय? सीबीडीचे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे एक शुद्ध औषध आहे, एपिडिओलेक्स नावाचे. लहान मुलांच्या फिट्सच्या दोन दुर्मीळ व अवघड प्रकारांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि त्यासाठी नीट चाचण्या झाल्या. म्हणजे सीबीडी हे थोतांड आहे असे मुळीच नाही. ते खरे औषध आहे आणि खऱ्या औषधासारखेच त्याचे दुष्परिणामही आहेत : गुंगी, भूक मंदावणे, जुलाब आणि काहींच्या बाबतीत यकृताची तपासणी बिघडणे. गाभण उंदीर व ससे यांच्यावर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष त्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच छापलेले आहेत. उंदरांत गर्भ दगावण्याचे प्रमाण वाढले, सशांत पिलांची वजने घटली. उंदरांची जी पिले जगली त्यांची वाढ मंदावली, ती उशिरा वयात आली, त्यांच्या वागण्यात फरक दिसला आणि प्रजननाच्या अवयवांवर परिणाम झाला. उंदरांच्या रक्तातले प्रमाण माणसाच्या औषधी प्रमाणापेक्षा जास्त होते, हे खरे. सशांच्या रक्तातले मात्र माणसाच्या प्रमाणाच्या जवळपासच होते.

माणसांवर असा प्रयोग कोणी केलेला नाही आणि करणारही नाही, कारण गरोदर बाईला मुद्दाम द्रव्य देऊन बाळाचे काय होते ते बघत बसणे कोणत्याही डॉक्टरला परवडणारे नाही. जाहिरात करणारा याच गोष्टीचा फायदा घेतो. 'गरोदरपणात अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही,' असे तो म्हणतो. वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. अपाय होत नाही असेही सिद्ध झालेले नाही, हे उरलेले अर्धे. बँकेत जामीनदाराचा कागद कोरा असला तर आम्ही 'हा माणूस बुडवणार नाही असे दिसते' म्हणून कर्ज देत नाही. कोरा तो कोराच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदरपणात व अंगावर पाजताना सीबीडी, टीएचसी वा गांजा कोणत्याही स्वरूपात घेऊ नये, असा स्पष्ट सल्ला दिलेला आहे. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मतही तेच आहे. ज्या देशातल्या अनेक राज्यांत गांजा दुकानात उघड मिळतो त्या देशाचा हा सल्ला आहे, हे लक्षात घ्यावे.

बाटलीत लिहिले आहे तेच असते काय, हा एक स्वतंत्र प्रश्न. अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी मालांची तपासणी करून तिचे निष्कर्ष २०१७ साली तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेबलावरचे सीबीडीचे प्रमाण जेमतेम ३१ टक्के मालांतच बरोबर निघाले. बाकीच्यांत कमी किंवा जास्त. आणि ८४ पैकी १८ बाटल्यांत टीएचसी, म्हणजे नशेचे द्रव्य, सापडले. म्हणजे 'नशा होत नाही' म्हणून घेतलेल्या दर पाच बाटल्यांत जवळजवळ एकीत ज्याला आपण टाळत होतो तेच होते. शिवाय वनस्पतीच्या अर्कात कीटकनाशकांचे किंवा जड धातूंचे अंश राहू शकतात. कांद्यावर आणि डाळिंबावर किती फवारण्या होतात हे आपल्या तालुक्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. झाड कोणतेही असो, पानावर पडलेले पानात राहते, आणि पानांचा अर्क आटवला की तेही आटून घट्ट होऊ शकते.

अंगावर पाजण्याचे म्हणाल तर प्रकरण आणखी सरळ आहे. आईचे दूध चरबीयुक्त आणि ही द्रव्ये चरबीत विरघळणारी, म्हणजे दुधात उतरण्यास त्यांना वाट मोकळीच. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संशोधकांनी गांजा घेणाऱ्या ५० मातांच्या दुधाचे ५४ नमुने तपासले व २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ६३ टक्के नमुन्यांत टीएचसी सापडले, तेही शेवटच्या सेवनानंतर सुमारे सहा दिवसांपर्यंत. काही थोड्या नमुन्यांत सीबीडीही मिळाले. सहा दिवस म्हणजे तान्ह्या बाळाची पन्नास-साठ पाजणी. 'रात्री थेंब घेतला, पहाटेपर्यंत उतरून जातो' हा हिशेब चहा-कॉफीच्या बाबतीत थोडाफार चालेल, येथे चालत नाही. रात्रीचे पहिले दूध पिळून टाकले की झाले, हाही उपाय या कारणाने निरुपयोगी आहे.

हे सगळे परदेशचे झाले. आपल्याकडे या तेलाचा गरोदर स्त्रियांवरील परिणाम मोजला गेलेला नाही. परंतु 'साधी', 'औषधी', 'दात स्वच्छ करणारी' म्हणून घराघरांत असलेल्या एका वस्तूचा परिणाम मात्र महाराष्ट्रातच, आणि फार काळजीपूर्वक, मोजला गेला आहे. ती वस्तू म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड. ग्रामीण व झोपडपट्टीतल्या कितीतरी बाया ती सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात, आणि गरोदरपणात मळमळ थांबते म्हणून जास्तच लावतात. विडी ओढणाऱ्या बाईला लोक नावे ठेवतील. मशेरीला कोणी व्यसन म्हणतच नाही.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात महिन्यांच्या १२१७ गरोदर स्त्रियांची घरोघर जाऊन नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. हे काम २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांपैकी १७ टक्के तंबाखू लावणाऱ्या वा खाणाऱ्या होत्या, आणि त्यांतही मशेरीच मुख्य. बाकीची कारणे, म्हणजे आईचे वय, शिक्षण, वजन वगैरे, हिशेबात धरूनही तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले आणि ती सरासरी सहा दिवस आधी जन्मली. दिवस पूर्ण होण्याच्या फार आधी, म्हणजे ३२ आठवड्यांपूर्वी, बाळंतपण होण्याचा धोका जवळजवळ पाचपट होता. त्याच पाहणीवर आधारलेला २००६ सालचा दुसरा लेख अधिक अस्वस्थ करणारा आहे. तंबाखू न वापरणाऱ्यांत मृत बाळ जन्माला येण्याचे प्रमाण ३.१ टक्के, तर वापरणाऱ्यांत ८.९ टक्के.

मशेरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. या आकड्यांआधी किती आयांना आपले बाळ का गेले याचे कारणच कळले नसेल! सासू म्हणत असेल, नशीब. शेजारीण म्हणत असेल, नजर. कारण कोनाड्यातल्या डबीत होते. मशेरी आणि सीबीडी ही रसायने वेगळी आहेत, एकाचे आकडे दुसऱ्याला लावता येत नाहीत, आणि मी लावतही नाही. सांगायचे ते इतकेच की वापर आधी पसरतो आणि मोजणी मागून, कधी कधी शंभर वर्षांनी येते. सीबीडीच्या बाबतीत आपण मोजणीच्या आधीच्या काळात आहोत.

जुन्या मुंबईतला आणखी एक दाखला आहे, तो अफूचा. गिरणीत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची 'बाळगोळी' देऊन निजवत आणि कामावर जात. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांची पाहणी १९२२ साली प्रसिद्ध झाली. तीत गिरणी-कामगार स्त्रियांच्या शंभरातल्या ९८ मुलांना अफू दिली जाते, असे नमूद होते. या आया निर्दय नव्हत्या. बाळंतपणाची भरपगारी रजा नव्हती, मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते, भूक लागलेले मूल रडणार आणि आई दहा तास साच्यावर उभी. गोळी हा त्या परिस्थितीने सुचवलेला उपाय होता. मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणापूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्या खर्चाचा काही भार मालकाने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाबासाहेबांचे कामगारविषयक काम सांगताना आपण बहुधा कामाच्या तासांबद्दल बोलतो. बाळंतिणीच्या विश्रांतीबद्दलचे हे भाषण विद्यार्थ्यांनी जरूर शोधून वाचावे.

हा दाखला मी मुद्दाम दिला, कारण आजही थेंब घेणारी बाई हौसेने घेत नाही. दिवसभर कांदे निंदून किंवा खुडून कंबर धरलेली असते, रात्री झोप येत नाही, उलट्यांनी अन्न टिकत नाही, घरात 'आम्ही नाही का बाळंत झालो?' हे ऐकावे लागते. अशा वेळी कोणी घरपोच आराम देतो म्हटले तर हात पुढे होणारच. म्हणून बाईला दोष देण्याआधी तिची तक्रार काय आहे ते घरच्यांनी ऐकावे. मळमळीसाठी थोडे थोडे व वारंवार खाणे आणि आले यांचा उपयोग होतो. तेवढ्याने भागले नाही तर गरोदरपणात दीर्घकाळ वापरून पाहिलेल्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टर लिहून देतात. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी होत असेल तर दवाखान्यातच गेले पाहिजे, तेथे कोणतेच तेल कामाचे नाही. कंबरदुखीला जड ओझे व वाकून करायचे काम कमी करणे हा पहिला उपाय आहे, आणि तो बाईच्या नव्हे, घरच्यांच्या हातात असतो. झोपेचे व मनाच्या घालमेलीचे तर डॉक्टरांपाशी स्पष्ट बोलावे. गरोदरपणात व बाळंतपणानंतर मन खचणे हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि अंगावर पाजताना चालतील अशी औषधेही डॉक्टरांना ठाऊक असतात.

अंगाला चोळायच्या सीबीडी मलमाविषयीही विचारणा होते. कातडीतून रक्तात जाणारा भाग थोडा असतो हे खरे, पण गरोदर बाईला ते चालते असे कोणी दाखवून दिलेले नाही. मग साध्या खोबरेल तेलाने चोळले तर काय बिघडते? चोळणाऱ्या हाताचाच अर्धा गुण असतो.

'आमचा डोस अगदी थोडा आहे' असे विक्रेते म्हणतात. शुद्ध औषधाच्या चाचण्यांत दिलेले प्रमाण बाजारातल्या थेंबांपेक्षा बरेच मोठे होते, हे मान्य. परंतु थोडा म्हणजे बाळासाठी किती थोडा, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. थॅलिडोमाइड नावाची गोळी १९५७ साली जर्मनीत झोपेसाठी निघाली आणि गरोदर बायकांच्या मळमळीवर दिली जाऊ लागली. तीही अगदी निर्धोक म्हणून खपवली जात होती. नोव्हेंबर १९६१ मध्ये ती मागे घेतली जाईपर्यंत जगभर दहा हजारांवर मुले हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. सीबीडी हे थॅलिडोमाइड आहे असे म्हणणे चुकीचे होईल. पण मोठ्या माणसाला निर्धोक वाटणारी वस्तू गर्भाला निर्धोक असेलच, ही समजूत त्या वेळी कायमची मोडली होती. जाहिरातींनी ती पुन्हा उभी करू नये.

आपल्या सभासदांपैकी काहींचे म्हणणे असे पडले की, यात नशाच नसेल तर पाचव्या शिलाचा भंग होत नाही, मग हरकत काय? शिलाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे तपासण्याचा अधिकार माझा नाही. मात्र बाळाच्या दृष्टीने नशा चढते की नाही हा प्रश्नच दुय्यम आहे. शिसे खाल्ल्याने नशा चढत नाही, तरी ते मुलाच्या मेंदूला घातक असते.

एका बाबतीत मात्र सर्वांत जास्त सावधगिरी हवी, ती म्हणजे फिट येणाऱ्या बायकांच्या बाबतीत. सीबीडी फिट्सवर चालते हे कोठेतरी ऐकून चालू गोळ्या बंद करून तेल सुरू करणे फार धोक्याचे आहे. गोळ्या एकाएकी थांबवल्या तर लागोपाठ फिट्स येऊ शकतात, आणि गरोदरपणात एक मोठी फिट आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. उलट काही जुन्या गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला घातक आहेत हेही तितकेच खरे आहे. म्हणून गोळी बदलायची तर दिवस जाण्याच्या आधी, डॉक्टरांकडून, हळूहळू. फोलिक अ‍ॅसिडही आधीपासूनच सुरू करायचे असते. शिवाय सीबीडी आणि व्हॅल्प्रोएट एकत्र घेतल्यास यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो, आणि फिट्सच्या दुसऱ्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी सीबीडीमुळे चढते. लग्न ठरताना मुलीचा हा आजार लपवला जातो, नंतर सासरी गोळ्याही लपवून घ्याव्या लागतात, आणि तेलाची बाटली मात्र उघड ठेवता येते, कारण ती 'आयुर्वेदिक' असते. या लपवालपवीचा त्रास शेवटी बाळाला होतो, हे मुलीच्या आईवडिलांनी ध्यानात घ्यावे.

ज्यांनी न कळत काही दिवस हे तेल घेतले असेल त्यांनी घाबरून जाऊ नये. घेतले म्हणजे अपाय झालाच असे नाही. आता थांबवावे, आणि डॉक्टरांना किती दिवस, किती थेंब ते सांगावे. तेल फिट्ससाठीच चालू असेल तर मात्र तेही मनाने थांबवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अंगावर पाजणाऱ्या आईने घाबरून बाळाचे दूध तोडू नये. तेल थांबवावे, आणि दुधाचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारावे. बाळ फार सुस्त वाटत असेल, नीट ओढत नसेल तर त्याला त्याच दिवशी दाखवावे.

सांगण्याची लाज वाटते, रागावतील अशी भीती वाटते, हे मी जाणते. त्यासाठी एक सोय आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना विचारले की आपल्या भागात ती कोठे होते ते कळते. त्या दिवशी जाताना घरात जे जे घेतले जाते ते सगळे पिशवीत टाकून न्यावे : गोळ्यांची पाकिटे, काढ्याची पुडी, मशेरीची डबी आणि तेलाची बाटली. नावे आठवून सांगण्यात चूक होते. बाटली टेबलावर ठेवली की मागच्या बाजूची ती बारीक अक्षरे डॉक्टर स्वतःच वाचतात.